निळा शर्ट, मागची रांग

मंगळवार, ९ सप्टेंबर

ताई,

आधी "प्रिय" लिहिलं होतं, मग खोडलं. सहा वर्षांनी उगवलेल्या माणसाने प्रियबिय लिहिलं तर तू पुढे वाचणार नाहीस, म्हणून नुसतं ताई. फोन तू उचलत नाहीस. पत्रावर मात्र फाडायच्या आधी माणूस एक नजर टाकतोच, या भरवशावर लिहितोय.

बातमी अशी की मी योगाच्या वर्गाला जायला लागलोय. हसून घे, मी थांबतो.

झालं असं की उजव्या मांडीचा मागचा स्नायू धरला. पळायला लागलो की दुसऱ्या किलोमीटरलाच तो आवळायचा. डॉक्टर म्हणाले, "दिवसभर दुकानात घड्याळांवर वाकून बसता, सकाळी उठून घोड्यासारखे पळता, मधे काहीच नाही. योग करा." त्यांनी सांगितलं म्हणून गेलो, नाहीतर माझी मतं तुला ठाऊक आहेत. दवाखान्याच्या जिन्यात मी तुला काय बोललो ते मी विसरलेलो नाही. आत तुझ्या सतरा वर्षांच्या लेकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन चालू होतं. तिला शर्यतीसाठी तयार करणारा मी, तिचा मामा, आणि तुला म्हणालो, "तुझ्या योगानेच पोरीचे सांधे ढिले झाले, म्हणून गुडघा गेला." योग शिकवून जिने घर चालवलं तिला हे बोललो. असल्या भावाशी मीही बोललो नसतो.

असो. वर्गाचं सांगतो. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे, तिथे भरतो. खाली लोक वाचत बसलेले, त्यामुळे पहिला नियम असा की आवाज करायचा नाही. आम्ही अकरा जण. मी मागच्या रांगेत, खिडकीपाशी. शिक्षिका वयाने लहान आहे पण भलतीच कडक. तिने माझं नावही विचारलं नाही. मला "निळा शर्ट" म्हणते.

पहिल्या दिवशी बारा सूर्यनमस्कार होते. मी सगळ्यांच्या आधी संपवले आणि दुसरा नंबर कोणाचा येतोय ते बघायला मान वळवली, तर बाकीचे अजून पाचव्यावर. शिक्षिका म्हणाली, "निळा शर्ट, इथे पदक मिळत नाही. परत एकपासून." शेवटी शवासनात पडलो तेव्हा हात आपोआप खिशात गेला आणि मी स्टॉपवॉच चालू केलं. माझं ते जुनं, किल्लीचं. त्या शांततेत त्याची टिकटिक खोलीभर ऐकू येत होती. शेजारच्या चटईवरच्या निवृत्त नर्सबाईंनी डोळे न उघडता स्वतःची नाडी धरली.

तरी मला वाटतं मी टिकेन. एकाच जागी बसण्याचं म्हणशील तर दुकानात मी चार चार तास स्टुलावरून हलत नाही. बसणं मला कोणी शिकवायला नको.

आता खरं मागणं. तेवीस नोव्हेंबरला इथे अर्धमॅरेथॉन आहे, एकवीस किलोमीटर. मी धावणार आहे. त्या दिवशी तू शेवटच्या रेषेपाशी असावीस, एवढंच हवंय. लहानपणी मैदानावर बाबांचं मनगटी घड्याळ हातात धरून उभी राहायचीस तशी.

सही काय करावी कळेना. तू मला घोडा म्हणायचीस, पण ते नाव तुझं, तू वापरलंस तरच चालतं. म्हणून सध्या,

तुझा भाऊ


मंगळवार, २३ सप्टेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. येईल अशी आशा होती असं नाही, पण टपालवाला दुकानावरून पुढे गेला की मी जरा वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहतो.

बसणं मला कोणी शिकवायला नको असं मी तुला लिहिलं ना, तर पुढच्याच सोमवारी शिक्षिकेने वज्रासन लावलं. बाकीच्यांना तीन मिनिटं, आणि "निळा शर्ट, तुम्ही दहा." सातव्या मिनिटाला पाय आपले आहेत की चटईचे ते कळेना. वर्ग सुटल्यावर जिना मी बसून उतरलो, एकेक पायरी सरकत. खाली ग्रंथपाल चष्म्यावरून बघत होते. म्हणाले, "वरून पुस्तकं अशी घसरत आली तर मी दंड लावतो."

पण मांडी सुटायला लागली आहे, हे कबूल करतो. शिक्षिकेने माझं सगळं उलटं केलंय. तीस वर्षं मी पळायच्या आधी पाय ताणून ताणून उभा राहायचो आणि पळून झालं की थेट चहा. ती म्हणते, पळायच्या आधी शरीर नुसतं हलवायचं, चार नमस्कार, कंबर फिरवायची, बस्स. लांबवून धरायची आसनं पळून आल्यावर, अंग गरम असताना. सोमवार, बुधवार, शुक्रवार योग, मंगळवार, गुरुवार छोटी धाव, रविवारी लांब. शनिवारी सुट्टी, कारण त्या दिवशी ती गावाला गेलेली असते. मी एवढ्या मुलांना पळायला शिकवलं आणि ही साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. म्हणजे तू सांगितली होतीस. मी ऐकली नव्हती.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो, म्हणजे मनात राहायला नको. त्या शर्यतीत पोरीने मला गुडघ्याचं काही सांगितलं नव्हतं. पुलावर ती माझ्या शेजारी धावत होती, मी तिला पाणी दिलं, ती काही बोलली नाही. बोलली असती तर मी तिथेच थांबवलं असतं. माझं तोंड वाईट असेल ताई, पण कान चांगले आहेत.

तुझा भाऊ


बुधवार, ८ ऑक्टोबर

ताई,

उत्कटासन म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको, पण माझं रडगाणं ऐकायला कोणीतरी हवंय. खुर्ची नाही आणि खुर्चीवर बसायचं. गेले दहा दिवस हे चाललंय. दोन मिनिटं, तीन वेळा. वर्गात अकरा जण, पण हे फक्त मला. मी एकदा कण्हलो तर म्हणाली, "चार वेळा." मी विचारलं, "माझ्यावरच का?" तर म्हणाली, "तुमच्या मांड्यांना गरज आहे." मांड्यांनी तिच्याकडे तक्रार कधी केली कोण जाणे.

गेल्या शुक्रवारी वृक्षासन होतं, डोळे मिटून. मी झाडासारखा उभा राहिलो आणि झाडासारखाच पडलो, नर्सबाईंना घेऊन. खाली वाचनखोलीत धूळ पडली म्हणे. ग्रंथपाल वर आले, दारात उभे राहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. नर्सबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "मी ठीक आहे, यांना बघा, हे लाजेने जातील." आता आम्ही दोघं भिंतीला धरून उभे राहतो.

पळण्याचं सांगतो. रविवारी शिक्षिका माझ्याबरोबर येते. हळू धावते, तिलाही एक गुडघा जपायचा आहे. तिचा नियम असा की तोंड बंद ठेवून धावायचं, श्वास नाकाने आत, नाकाने बाहेर. नाकाला पुरेल एवढाच वेग. म्हणजे आठ किलोमीटर मी बोलायचं नाही. तू ओळखतेस मला. तिसऱ्या किलोमीटरला एका म्हाताऱ्याचा कुत्रा आमच्या पुढे निघून गेला आणि मला त्यावर काही म्हणताही आलं नाही. पण घरी आलो तेव्हा दम लागलेला नव्हता आणि मांडी आवळली नव्हती. दुकानात गेलो, एका बायकांच्या घड्याळातला केसाएवढा स्क्रू पहिल्या झटक्यात बसला. हात इतका स्थिर कधी नव्हता.

परवा वर्ग सुटल्यावर भिंतीला पाय टेकवून पडलो होतो. ती म्हणाली, "निळा शर्ट, पाठ अजून ताठ आहे. कसलं ओझं आहे?" मी म्हणालो, वयाचं. ती म्हणाली, "नाही, ते खांद्यात असतं." मग माझ्याकडे न बघता चटया गोळा करायला लागली.

तुझा भाऊ


मंगळवार, २८ ऑक्टोबर

ताई,

काल तिने मला मामा म्हटलं.

सात आठवडे निळा शर्ट होतो. काल वर्ग संपला, सगळे गेले, मी बुटाच्या नाड्या बांधत होतो आणि मागून आवाज आला, "मामा, छत्री विसरलास." नाडीची गाठ मला तीनदा बांधावी लागली.

तर आता लपवण्यात अर्थ नाही. शिक्षिका म्हणजे तुझी लेक. नोकरीसाठी ती या गावात आली हे तुला माहीतच आहे, मामाच्या दारात जायचं नाही असंही तू बजावलं असशील. तिला रागावू नकोस. ती माझ्याकडे आली नाही, मीच तिच्या वर्गात जाऊन बसलो. डॉक्टरांनी मला योग करा वगैरे काही सांगितलं नव्हतं. ते म्हणाले होते, पंधरा दिवस पळू नका. मी वाचनालयाच्या फलकावर तिचं नाव वाचलं आणि तीन दिवस त्या फलकासमोरून येरझाऱ्या घातल्या. शेवटी ग्रंथपालांनी विचारलं, "आत येताय की फलक विकत घ्यायचाय?" मग वर गेलो. तिने दारातच मला ओळखलं. एक क्षण थांबली आणि म्हणाली, "निळा शर्ट, मागच्या रांगेत जागा आहे."

ताई, ती अगदी तुझ्यासारखं शिकवते. "श्वास धरू नका, कोणी चोरत नाहीये," हे तुझंच वाक्य ना? मी मागे उभा राहून दर वेळी तुझा आवाज ऐकतो.

तिला परत धावायचं आहे. गुडघ्याच्या डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, हळू धाव आणि दुखलं की थांब, एवढ्या अटीवर. मी तिला विचारलं, तेवीसला माझ्याबरोबर धावशील का? ती म्हणाली, "धावेन. पण त्या दिवशी पुलावर काय झालं ते आधी आईला लिही. मी सहा वर्षांत सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. ते तुझं तू सांग."

तर अट अशी आहे. मी लिहिणार आहे. आज दुकानात दोन गिऱ्हाइकं ताटकळत आहेत, त्यातल्या एकाचं घड्याळ उघडं पडलंय, त्यात धूळ गेली तर पंचाईत. लिहितो मी.

तुझा भाऊ


मंगळवार, १८ नोव्हेंबर

ताई,

तीन आठवडे मी गिऱ्हाइकांच्या आड लपलो. आज दुकानाला कुलूप लावून आत बसलोय. भिंतीवर तेवीस घड्याळं चालू आहेत, मी काय लिहितो त्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे असं वाटतंय.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या शर्यतीतही रस्ता हाच होता, आणि पूल लागला तो चौदाव्या किलोमीटरला. तिथे पोरगी म्हणाली, "मामा, गुडघा दुखतोय. थांबू का?" मी म्हणालो, "दुखतोय म्हणजे काम करतोय. सातच उरलेत. चल." ती चालू लागली, म्हणजे धावू लागली. पूल संपायच्या आत पडली. तिने मला सांगितलं होतं, ताई. सांगितलं नव्हतं हे मी तुला खोटं सांगितलं, तेव्हाही आणि सप्टेंबरातही.

आणखी एक आहे, ते तिलाही माहीत नव्हतं. घड्याळ बिघडायला लागलं की त्याची टिकटिक लंगडी होते. एक ठोका लांब, एक आखूड. आम्ही झाकण उघडायच्या आधी ते कानाला लावतो, तेवढ्यानेच कळतं. त्या दिवशी बाराव्या किलोमीटरपासून तिचं पाऊल लंगडं पडत होतं. ती बोलायच्या आधी दोन किलोमीटर मी ते ऐकत होतो. ऐकत होतो आणि हातातल्या स्टॉपवॉचकडे बघत होतो, कारण तिच्या गटात ती दुसरी होती आणि पहिली मुलगी समोर दिसत होती. माझे कान चांगले आहेत असं मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. चांगले आहेत, म्हणूनच मला काही सबब नाही.

तिचा गुडघा तुझ्या योगाने गेला नाही, मी घालवला. जिन्यात तुला जे बोललो ते खोटं आहे हे मला बोलतानाच माहीत होतं. कोणावर तरी ढकलायचं होतं आणि समोर तू होतीस. मला माफ कर. सहा वर्षं उशिरा म्हणतोय, पण मनापासून म्हणतोय.

बाराव्या किलोमीटरचं मी परवा पोरीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. चटई गुंडाळली, परत उलगडली, परत गुंडाळली. मग म्हणाली, "हेही आईला लिही." जिन्यापर्यंत गेली, तिथून वळून म्हणाली, "आणि उद्या वेळेवर ये."

शेवटच्या रेषेपाशी ये असं मी पहिल्या पत्रात मागितलं होतं. ते मागणं परत घेतो. असलं लिहून वर मागायचं, हे शोभत नाही. तू वाचलंस तरी पुष्कळ.

तुझा भाऊ


रविवार, २३ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र टपालात टाकणार नाही. का ते पुढे येईल.

सकाळी सहाला आम्ही दोघं उभे होतो, चार नमस्कार घालून, कंबर फिरवून. आजूबाजूचे लोक पाय ताणत होते, मी त्यांच्याकडे नव्या बाटग्याच्या तुच्छतेने बघत होतो. पहिले दहा किलोमीटर तोंड बंद. पुलावर पोरीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्ही तो पार केला. पलीकडे गेल्यावर ती म्हणाली, "हं," आणि मी म्हणालो, "हं."

सतराव्या किलोमीटरला मला ऐकू आलं. फार थोडं. एक पाऊल लांब, एक आखूड.

मी म्हणालो, "थांब."

"का? मला काही होत नाहीये."

"होईल. आत्ता थांब."

"मामा, चारच उरलेत."

"उरू देत."

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिचे डोळे भरले, आणि माझे तर कधीच भरले होते. मी स्टॉपवॉच काढलं, बंद केलं आणि तिच्या हातात दिलं. एका फर्निचरच्या बंद दुकानासमोर आम्ही दोघं पाठीवर पडलो, पाय शटरला टेकवून. पळणाऱ्यांना वाटलं आम्ही कोसळलो. दोन स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन धावत आले. पोरगी त्यांना म्हणाली, "आम्ही ठीक आहोत, हा वर्ग चालू आहे," आणि त्यांना आवाज न करता उभं राहायला सांगितलं. ते राहिलेही.

राहिलेले चार आम्ही चालत गेलो. सतरा किलोमीटरचं साठलेलं मी त्या चारांत बोलून घेतलं. पोहोचलो तेव्हा कमान उतरवायला घेतली होती. नर्सबाई टाळ्या वाजवत होत्या. ग्रंथपालांनी आमच्यासाठी वाचनालयातून दोन खुर्च्या आणल्या होत्या आणि त्या मोजून परत न्यायच्या म्हणून तिथून हलत नव्हते. मी गर्दीत तुला शोधलं. मागणं परत घेतलं होतं तरी शोधलं. तू नव्हतीस. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं.

मग पोरीने पिशवीतून तिची वर्गाची वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "आता बघ. आधी दाखवायची नाही असं आईने बजावलं होतं."

अक्षर तुझं. सप्टेंबरपासून दर आठवड्याचं पान तुझ्या हातचं. ती शुक्रवारी संध्याकाळी तुझ्याकडे जायची ती हे आणायला. "निळा शर्ट: बसणं शिकवायला नको म्हणतोय. वज्रासन, दहा मिनिटं." पुढे, "निळा शर्ट: पत्रात खोटं लिहिलंय, मला न सांगताही कळतं. उत्कटासन, दोन मिनिटं, तीन वेळा. कण्हला तर चार." ऑक्टोबरच्या शेवटी, "निळा शर्ट: अर्धं खरं लिहिलं. उत्कटासन निम्मं कर." टपालवाल्याच्या पाठीकडे बघत मी अडीच महिने काढले ताई, आणि तू प्रत्येक पत्राला उत्तर देत होतीस, माझ्या मांडीवर.

मग या आठवड्याचं पान आलं. परवा लिहिलेलं, माझं मंगळवारचं पत्र वाचल्यानंतरचं. त्यावर दोनच ओळी.

"सोमवार: काही नाही. घोड्याला झोपू दे.
मंगळवार: मी येते. त्याची पाठ मी स्वतः बघणार आहे."

मी त्या खुर्चीवर बसून इतका रडलो की ग्रंथपालांनी तोंडावर बोट ठेवलं, आणि मग स्वतःच ते खाली घेतलं.

म्हणून हे पत्र टाकत नाही, हातात देईन. पहिल्या बसने येशील असं धरून चालतो. मी स्टँडवर उभा असेन. सहा वर्षांत केस गेलेत, पण ओळखायला सोपं जाईल. निळा शर्ट धुऊन वाळत घातलाय.

तुझा
घोडा